कापसाच्या दाराची कडी कोणाच्या हाती?

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. घरोघरी श्रींची प्रतिष्ठापना चालू असताना जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाहून मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी निघालेला जनसमुदाय मुंबईच्या दिशेने मार्गस्थ होत होता. सर्व वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्या गावाकडे वळलेले होते. त्याच दिवशी अमेरिकेने भारतीय मालावरील अतिरिक्त आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. ही वार्ता वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ठळकपणे झळकली. आणि दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, दिल्लीहून एक तिसरी वार्ता आली. परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ करण्यात आले होतेच. ती माफी आता ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ही वार्ता बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात छापली गेली.

ज्या गावाकडे कॅमेरे वळले होते, त्या गावाच्या पोटापाण्याशी या तिन्ही वार्तांपैकी सर्वांत निकटचा संबंध त्या कोपऱ्यातल्या वार्तेचा होता. परंतु ट्रॅक्टरवर बसून मुंबईला निघालेल्या त्या तरुणांपैकी किती जणांनी ती वाचली असेल? आणि ज्यांनी ती काढली, त्यांच्यापैकी किती जणांच्या मनात त्या क्षणी अंतरवाली सराटी आली असेल?

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या ऑगस्टअखेरपर्यंत अंबड तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि धुळे-सोलापूर महामार्गापासून जवळ असलेले हे गाव महाराष्ट्राच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी येऊन बसले. आरक्षणाच्या मागणीचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. त्यासाठी न्यायालये आहेत, आयोग आहेत, आणि समाजासमाजांत वितुष्ट न येऊ देता मार्ग काढण्याची जबाबदारी सर्वांचीच आहे. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या मालकीत आपली प्रतिष्ठा मानली, त्या समाजातला पंचविशीतला तरुण शिपायाच्या एका जागेसाठी मुंबईपर्यंत का जातो? त्याच्या घरी पाच एकर काळी जमीन आहे. ती जमीन त्याला का पुरत नाही?

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. अंबड, घनसावंगी, भोकरदन, जाफ्राबाद या पट्ट्यात कालव्याचे पाणी पोचते तेथे ऊस आहे, मोसंबीच्या बागा आहेत. पण ज्याला पाण्याचा भरवसा नाही त्याचे नगदी पीक म्हणजे कापूस किंवा सोयाबीन. कोरडवाहू जमिनीत एकरी सहा क्विंटल कापूस आला तर शेतकरी देवापुढे नारळ फोडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवा कापूस घरात येऊ लागला तेव्हा खेडा खरेदीचे व्यापारी सात हजारांच्या आगेमागे बोली लावत होते. क्विंटलमागे अकराशे रुपयांची तूट धरली, तर एकरी साडेसहा हजार आणि पाच एकरांना तेहतीस हजार रुपये. वेचणीची मजुरी किलोमागे दहा-बारा रुपये, म्हणजे क्विंटलला हजार-बाराशे. थोडक्यात, हमीभाव आणि बाजारभाव यांतील अंतर हे जवळजवळ वेचणीच्या मजुरीइतके होते. कापूस वेचायला लावलेल्या बायांचे पैसे शेतकऱ्याने बाजारातून मिळवायचे नव्हते, स्वतःच्या पदरचे घालायचे होते.

सारा दोष शुल्कमाफीवर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जागतिक बाजारात कापूस स्वस्तच होता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याची पऱ्हाटी पाण्यात उभी राहिली, बोंडे सडली, आणि जो कापूस हाती आला त्यात ओलावा राहिला. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपले सीसीआय, हमीभावाने खरेदी करते खरे, परंतु पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा आणि १२ टक्क्यांच्या पुढे गेला की खरेदीच नाही. शिवाय त्या हंगामापासून मोबाइलवरील ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी करणे आले. वडीगोद्रीच्या फाट्यावर चहा पिताना भेटलेले एक वयस्कर काका मला म्हणाले, “भाव येईल म्हणून घरात भरून ठेवला हो, पण भाव यायच्या आधी अंगाला खाजच आली.” घरात साठविलेल्या कापसाने अंगाला सुटणारी ही खाज शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. लहान मुले रात्ररात्र झोपत नाहीत.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. परदेशी कापसाचे दार उघडले गेले ते शेतकऱ्याचा माल बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर. पेरणी त्याने जूनमध्ये केली ती ११ टक्के शुल्क आहे असे समजून. ऑगस्टमध्ये, पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना, नियम बदलला. शुल्क उठताच सीसीआयनेही आपल्याकडील गाठींचा विक्रीभाव लगोलग खंडीमागे ११०० रुपयांनी उतरविला. सरकारी संस्थाच भाव उतरविते म्हटल्यावर खासगी व्यापाऱ्याने चढा भाव का द्यावा?

लँकेशायरची आठवण

कापूस हा हिंदुस्थानच्या इतिहासात कधीच केवळ एक पीक नव्हता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. एकाएकी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, कंपन्यांचे भाग गगनाला भिडले. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे सारा डोलारा कोसळला. आमच्या शेतातला भाव दुसऱ्याच्या लढाईवर ठरतो, हा धडा महाराष्ट्राने तेव्हाच घेतला होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडला जाऊन मिळाली, तेव्हा मराठवाड्याचा गावरानी कापूसही मुंबईच्या बंदराशी, आणि पर्यायाने त्याच जागतिक बाजाराशी, बांधला गेला.

दुसरा धडा अधिक बोचरा आहे. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारला महसुलाची चणचण भासली म्हणून विलायती कापडावर आयातशुल्क लावावे लागले. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी आरडाओरडा केला. तेव्हा सरकारने काय करावे? १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादनकर! समतेचा असा नमुना जगाच्या इतिहासात विरळा. परदेशी माल महाग होऊन स्वदेशी मालाला चार पैशांचा लाभ होऊ नये, एवढ्यासाठी स्वतःच्या प्रजेवर कर बसविणारे ते राज्य होते. लोकमान्य टिळकांनी त्याच वर्षी पुण्यात विलायती कापडाच्या बहिष्काराची चळवळ उभी केली. वंगभंगाच्या नऊ वर्षे आधी. तो कर पुढे तब्बल तीस वर्षे टिकला.

आजचे दिल्लीतले सरकार म्हणजे इंग्रज सरकार नव्हे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हे आपले सरकार आहे, आपण निवडून दिलेले आहे, आणि म्हणूनच त्याला चार शब्द सुनावण्याचा अधिकारही आपला आहे. ७ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत, डॉ. स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त झालेल्या परिषदेत, पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी कदापि तडजोड करणार नाही आणि त्यासाठी मोठी व्यक्तिगत किंमत मोजावी लागली तरी सिद्धता आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्या भाषणाने गावोगावच्या कार्यकर्त्यांची मान उंचावली. त्यानंतर बाराच दिवसांनी कापसाचे शुल्क उठले. भाषण ऐकून अभिमान बाळगणाऱ्या कार्यकर्त्याने पारावर बसलेल्या शेतकऱ्याला काय सांगावे?

एकाच दिशेने उघडणारे दार

या प्रकरणाची एक बाजू अशी आहे की ती पाहिल्यावर पक्षाभिनिवेश गळून पडावा. एप्रिल २०१० मध्ये जगात कापूस महागत होता. तत्कालीन केंद्र सरकारने कापसाची निर्यात थांबविली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली. त्या वेळी केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीच आपल्याला विश्वासात घेतले नाही अशी तक्रार केली आणि गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधानांकडे कापूस उत्पादकांच्या वतीने निषेध नोंदविला. तो निषेध योग्यच होता, आणि काही दिवसांतच बंदी मागे घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर शुल्क लागले, ते स्वागतार्ह पाऊल होते. पुढे २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांच्या पुढे गेला, कित्येक वर्षांनी कर्जाचा हप्ता वेळेवर गेला, आणि एप्रिल २०२२ मध्ये शुल्क माफ! तेही आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग ऑक्टोबरअखेरपर्यंत. २०२५ मध्ये तीच पुनरावृत्ती.

म्हणजे जगात भाव चढला की निर्यातीचे दार बंद, आणि देशात भाव चढू लागला किंवा जगात उतरला की आयातीचे दार उघडे. सरकारे बदलली, दाराच्या बिजागऱ्या मात्र त्याच राहिल्या. हे दार एकाच दिशेने उघडते, आणि ती दिशा शेतकऱ्याच्या विरोधातली आहे.

महाराष्ट्रात या विषयावर एकेकाळी मोठा वैचारिक संग्राम झाला, तो आजच्या तरुण वाचकांना माहीत असायला हवा. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा शरद जोशी यांनी त्याचे स्वागत केले होते. त्यांचे म्हणणे असे की भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळते ही अफवा आहे. सरकार निर्यातबंदीने आणि लेव्हीने त्याचे भाव पाडते, म्हणजे त्याला उणे अनुदान देते. तेव्हा त्याला जगाच्या बाजारात मोकळे सोडा. दुसऱ्या बाजूला दत्तोपंत ठेंगडी होते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, म्हणजे अस्सल कापूसपट्ट्यातले. बलाढ्य राष्ट्रांनी आखलेल्या मैदानात, त्यांनीच लिहिलेल्या नियमांनी आणि त्यांच्याच पंचांच्या देखरेखीखाली खेळलेल्या खेळाला मुक्त व्यापार म्हणणे ही आत्मवंचना आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती त्यांनी परक्यांच्या राज्यात तर मांडलीच, पण २००१ साली आपल्याच विचारांचे सरकार दिल्लीत असतानाही त्याची तमा न बाळगता मांडली. आज मागे वळून पाहिले तर जोशींचे अर्धे म्हणणे खरे ठरले आहे, हे मान्य करण्यात कमीपणा मानू नये: भाव पाडणारा हात अनेकदा आपल्याच सरकारचा असतो. परंतु उरलेल्या अर्ध्या भागात ठेंगडी खरे ठरले. मोकळा बाजार नावाची वस्तू कापसाच्या जगात अस्तित्वातच नाही.

याचा पुरावा अमेरिकेनेच दिलेला आहे. २००१-०२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना तेथील सरकारने ३ अब्ज डॉलरांहून अधिक अनुदान दिले. तो कापूस जगात स्वस्तात ओतला गेला आणि आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे कापसावर जगणारे चार गरीब देश भुईसपाट झाले. २००३ मध्ये मेक्सिकोतील कानकून येथील परिषदेत या चौघांनी दाद मागितली. दाद मिळाली नाही. ब्राझील मात्र चिवट निघाला. त्याने जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, २००५ मध्ये अपिलातही जिंकला आणि २००९ मध्ये अमेरिकी मालावर प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळविली. मग अमेरिकेने काय केले? आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान बंद केले? छे! २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. आपल्या शेतकऱ्याला पैसे देता यावेत म्हणून परक्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे देणारे हे मुक्त व्यापाराचे आद्यपीठ! पुढे तर २०१९ च्या अखेरीस अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळच निकामी करून टाकले. निकाल विरुद्ध जातो म्हणून न्यायालयाला कुलूप लावण्याचाच हा प्रकार.

२०२५ च्या उन्हाळ्यातील घटनाक्रम तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जो महाकाय कायदा झाला, त्यात तेथील सरकीसह कापसाचा संदर्भभाव, म्हणजे ज्याच्या खाली बाजार गेला तर सरकार भरपाई देते तो भाव, पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट करण्यात आला. म्हणजे चौदा टक्क्यांहून अधिक वाढ. अमेरिकेने आपल्या शेतकऱ्याभोवतीचे कुंपण उंच केले. सहा आठवड्यांत आपण आपले कुंपण काढून ठेवले. त्याआधी मार्चमध्ये चीनने अमेरिकी कापसावर १५ टक्के जादा शुल्क लावले होते. चीनच्या दारातून परतलेल्या गाठींना नवे घर हवेच होते.

हे दार उघडले तेव्हा मोबदल्यात काय मिळाले? २७ ऑगस्टचे ५० टक्के. वाटाघाटीत सवलत देणे हा व्यवहार असतो हे समजू शकते. परंतु समोरच्याने काहीही देऊ करण्यापूर्वीच आपला मोहरा पटावरून उचलून त्याच्या हाती ठेवणे याला वाटाघाट म्हणत नाहीत. असे परकीय शुल्क आज चढते, उद्या उतरते. त्या-त्या अध्यक्षांच्या मर्जीचा तो खेळ आहे. शेतकऱ्याचा गेलेला हंगाम मात्र परत येत नाही.

गिरण्यांचे गाऱ्हाणे

वस्त्रोद्योगाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तीही आपलीच माणसे आहेत. इचलकरंजीचा यंत्रमाग, तिरुप्पूरची शिलाई, सुरतचे कापड यांवर कोट्यवधी कुटुंबांचे पोट आहे. आपल्या वस्त्रनिर्यातीचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग अमेरिकेत जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के आणि आपल्यावर ५० टक्के, ही स्थिती कोणत्याही कारखानदाराची झोप उडविणारी होती. पण कापसाचे शुल्क उठवून त्याचे दुखणे किती बरे होणार होते? ढोबळ हिशेब करू. शंभर रुपयांच्या निर्यातीच्या सदऱ्यात कापूस पंचवीस रुपयांचा धरला, आणि तो सर्व परदेशातून आणला असे मानले, तरी ११ टक्क्यांच्या माफीने वाचले पावणेतीन रुपये. त्याच सदऱ्यावर अमेरिकेने लावले पन्नास रुपये. पन्नासाचे भगदाड पावणेतिनाच्या ठिगळाने बुजवायचे आणि ठिगळासाठी कापड शेतकऱ्याच्या धोतराचे फाडायचे, असा हा उपाय आहे.

शिवाय जे बोलले जात नाही ते असे की निर्यातदाराला शुल्कमाफीची गरजच नव्हती. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल विनाशुल्क आणण्याची आगाऊ परवान्याची योजना आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे. तिच्यात कागदपत्रांचा जाच असेल तर तो दूर करा. एका खिडकीवर, आठ दिवसांत परवाना द्या. कोणीही शेतकरी त्याला विरोध करणार नाही. सरसकट माफीचा खरा लाभ झाला तो देशांतर्गत बाजारात विकणाऱ्या गिरण्यांना आणि गाठी आणून साठविणाऱ्या व्यापाऱ्यांना. निर्यातदाराचे नाव पुढे करून दुसऱ्याच कोणाचे घर भरले गेले.

मात्र एका आक्षेपापुढे मान खाली घालावी लागते. आपला कापूस आपल्याला पुरत नाही, हे खरे आहे. २०११-१२ मध्ये आपण सुमारे १३० लाख गाठी निर्यात केल्या होत्या. २०१३-१४ मध्ये जवळजवळ ४०० लाख गाठी पिकविल्या. २०२४-२५ मध्ये उत्पादन ३०० लाखांच्याही खाली आले आणि आयात सुमारे ४० लाख गाठींवर गेली. एक गाठ १७० किलो रुईची. बारा-तेरा वर्षांत निर्यातदाराचा आयातदार झालेला हा देश आहे, आणि याचा दोष अमेरिकेच्या माथी मारता येणार नाही.

ही अधोगती जालन्याच्या भूमीवरून पाहणे विशेष क्लेशदायक आहे. जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावातल्या माणसाने बियाण्याच्या जोरावर जग जिंकल्याचे ते उदाहरण. नांदेडच्या संशोधन केंद्राचे ‘नांदेड ४४’ हे वाण एकेकाळी मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी होते. मग मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीचे वाण आले. बोंडअळी हटली, उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चारशे पन्नास ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांच्या घरात मोजावे लागत होते, आणि २००६ मध्ये राज्य सरकारांनी बडगा उगारल्यावर तीच पिशवी साडेसातशेत मिळू लागली! त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बीटीनंतर नवे असे काही शेतकऱ्याच्या हाती पडले नाही. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. एकाच परकीय तंत्रावर नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र टांगून ठेवले आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, परभणीचे कृषी विद्यापीठ यांच्या तिजोऱ्या रिकाम्या ठेवल्या, त्याचे हे फळ. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. उशिरा का होईना, योग्य दिशा. पण ज्या वर्षी अभियान जाहीर होते त्याच वर्षी भाव पाडणारे पाऊल पडते, तेव्हा शेतकरी अधिक कापूस पिकवील की कापूस सोडून मका पेरील? मराठवाड्यात काय होते आहे ते ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन पाहावे.

मग करावे काय? जगाशी व्यापार तोडा, असे येथे कोणी म्हणत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला पंतप्रधानांनी आरसेप करारावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला, तेव्हा आकाश कोसळले नाही. उलट स्वतःच्या अटींवर बोलण्याचे बळ आले. तेच कापसात हवे. चीनसारखा देश हे कसे करतो ते पाहण्यासारखे आहे. जागतिक व्यापार संघटनेत मान्य केलेल्या ८ लाख ९४ हजार टनांच्या कोट्यापुरता कापूस तो नाममात्र एक टक्का शुल्कात घेतो. त्यापलीकडे आणायचा असेल तर सरकते शुल्क. परदेशी कापूस जितका स्वस्त, तितके शुल्क अधिक. तो महागला की शुल्क आपोआप खाली. गिरणीलाही संरक्षण, शेतकऱ्यालाही.

आपल्याला हे अशक्य नाही. शेतमालावर सरासरी शंभर टक्क्यांहून अधिक शुल्काची मुभा भारताने त्या संघटनेत राखून ठेवलेली आहे. ११ टक्के हा त्या मानाने उंबरठाही नव्हे. परदेशी कापूस बंदरात उतरताना आपल्या हमीभावाच्या पातळीखाली पडत असेल तर फरकाएवढे शुल्क. हमीभावाच्या ठरावीक पट वर गेला तर शुल्क शून्य, आणि तेव्हा शेतकऱ्यानेही कुरकुर करू नये. निर्यातबंदी मात्र कधीही नाही. हे एकदा कायद्याने ठरले की अर्थखात्यातल्या कोणा सचिवाला रात्री अधिसूचना काढण्याचे कारण उरणार नाही आणि वॉशिंग्टनहून येणाऱ्या शिष्टमंडळालाही कापसाविषयी बोलण्यासारखे काही राहणार नाही. संसदेत या विषयावर विधेयक आणण्यासाठी मराठवाडा आणि विदर्भातले खासदार पक्षभेद विसरून का बसू नयेत? आरक्षणाच्या व्यासपीठावर हजेरी लावण्यासाठी या सर्वांना अंतरवाली सराटीचा रस्ता सापडला होता.

आणि हे जे काही ठरेल ते मे महिन्यात ठरले पाहिजे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी अंबडच्या कृषी सेवा केंद्रातून बियाण्याची पिशवी उचलताना शेतकऱ्याला त्या हंगामाचा नियम ठाऊक असला पाहिजे, आणि पुढच्या फाल्गुनात घरातला शेवटचा कापूस जिनिंगला जाईपर्यंत तो बदलता कामा नये.